बोईसरच्या हॉटेलात भिंतीतला वायफाय निवडताना

मोखाडा मागे टाकून पालघरची एसटी वळणं घेऊ लागली तेव्हा पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. शेजारच्या आजोबांनी एक मागून घेतलं, मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली आणि त्यात तंबाखू बांधली. आमच्या पत्रकांचा एवढा तरी उपयोग होतो, हे तुम्हा नाशिकच्या वाचकांना कळावं म्हणून सांगते.

पत्रकाचा मथळा होता, ‘पाहुण्याला जे नेट, तेच कामगाराला!’ मथळा माझा. खालच्या मागण्याही माझ्याच. त्या वेळी मला त्यांचा फार अभिमान होता.

या प्रवासाला मला बोलावलं अंकुशने. तो विक्रमगडकडचा, आमच्या कामगार संघटनेचा जुना कार्यकर्ता, आता बोईसरला वायरमन आहे. फोनवर म्हणाला, “इथल्या एका हॉटेलात प्रत्येक खोलीत भिंतीतले वायफाय बसवणार आहेत. कोणते घ्यायचे ते शेठने माझ्यावर टाकलंय. आत्ता येऊन भांडलीस तर कामगारांच्या खोलीतही एक बसेल. लक्ष्मणला त्याची फार गरज आहे.”

लक्ष्मण त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. घर जव्हारच्या पलीकडे एका पाड्यावर. वरई-नागलीचा एक तुकडा, तोही पावसावरचा. नागली कापून झाली की तो बोईसरला येतो आणि पावसाच्या तोंडाला परत जातो. बायको संगीता पाड्यावरच, आठव्या महिन्यात. पाड्यावर फोन लागतो तो फक्त वरच्या कातळावर. तिथे चढायचं, फोन करायचा, उतरायचं. इकडे हॉटेलच्या स्वयंपाकघरात रेंज नाही, आणि ज्या खोलीत हे लोक झोपतात तिथे तर मुळीच नाही. काउंटरवर फोन केला तर ‘नंतर करा’ म्हणतात, आणि नंतर करायचा म्हणजे पुन्हा कातळ चढायचा. वायफाय असेल तर पाठवलेला निरोप येऊन फोनमध्ये थांबतो, माणूस खोलीत आला की त्याला मिळतो. लक्ष्मणला एवढंच हवं होतं.

बोईसरला उतरलं की आधी वास येतो, मग गाव दिसतं. तारापूरच्या कारखान्यांचा तो वास काहीसा औषधासारखा, काहीसा जळक्या रबरासारखा. राहणाऱ्यांना तो येत नाही. मी नाकाला ओढणी लावली तेव्हा रिक्षावाला हसला, “नया आया है क्या, मॅडम? दो दिन में पता भी नहीं चलेगा.” हेच तर वाईट आहे, असं मी त्याला सुनावलं. त्याने गाणं लावलं.

हॉटेल चार मजली. कारखान्यांत मशीन दुरुस्तीला येणारे इंजिनियर तिथे उतरतात. मालक दिनकरशेठ मूळचे माकुणसारचे वाडीवाले (बागायतदार). मी मनात शोषक मालकाचं एक चित्र घेऊन गेले होते. समोर निघाले अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेले गृहस्थ. त्यांनी आधी शहाळं फोडायला लावलं, मग पत्रक हातात घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. आमचं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा मालक मी तोवर पाहिला नव्हता.

“पोरी, मी काय वायट मानूस नाय,” ते म्हणाले. “या भिंती जाड, वर टाइल्स, मोठाले आरसे. काउंटरवरचा वायफायचा डबा पयल्या मजल्यावरच धाप टाकतो. पाव्हने वरडतात. म्हनून खोलीखोलीत लावतोय. तुज्या लोकांचं म्हनशील तर स्टोअरमदी जुना एक डबा पडलाय, दोन शिंगांचा. आजच खाली लावून टाकतो. हाय काय नि नाय काय!”

लक्ष्मण चहा घेऊन आला होता. तीस-बत्तीसचा, बारीक, खांद्यावर ओला पंचा. “चालंल, शेठ,” तो लगेच म्हणाला.

“नाही चालणार,” मी म्हटलं. “पाहुण्यांना नवा आणि कामगारांना अडगळीतला? एकशे एक नंबरच्या खोलीत जो बसेल तोच खाली बसला पाहिजे. तुम्ही शब्द द्या.”

“ताई, जुना बी चालंल. मला ते निरोप तेवढा...”

“तुम्ही चालेल म्हणता म्हणूनच तुमच्याकडून चालवून घेतात!”

लक्ष्मणने कप ठेवले. शेठने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “बरं बाई. तोच लावू. पन मग तुमी निवडून आना, माल येऊ द्या, तवर थांबा.”

बाहेर आल्यावर अंकुश म्हणाला, “आमच्या पाड्यांवर आपल्या बाजूने बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाहीत. लक्ष्मण आता काही बोलणार नाही.” मला ते कौतुकाचं वाटलं. मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

कामगारांची खोली मी दारातूनच पाहिली. जनरेटरच्या शेजारी चार पायऱ्या उतरून. सकाळपाळीचे पाच-सहा पुरुष आत झोपले होते. झोपलेल्यांच्या डोक्याशी ठोकाठोक नको म्हणून अंकुशही आत गेला नाही. दारातूनच भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, “इथे बसेल.” मी मान डोलावली.

भिंतीतला वायफायचा पॉइंट कसा असतो ते सांगते, कारण मलाही आधी ठाऊक नव्हतं. दिव्यांच्या बटणांची पाटी असते ना, साधारण तेवढीच ही पेटी. भिंतीत बसते, बाहेर फक्त पांढरं तोंड. मागून एकच केबल येते, तिच्यातूनच नेट आणि तिच्यातूनच वीज. समोर वायफाय, खालच्या कडेला टीव्हीची आणि टेबलावरच्या फोनची वायर खुपसायला जागा. दिसायला इतकी साधी की कुणी तिच्यासाठी प्रवास करावा हे हास्यास्पद वाटेल. पण अंकुश कागदावर छापलेल्या गुणांवर विश्वास ठेवत नाही. “दुकानात सगळेच चांगले असतात. चार वर्षं भिंतीत काढलेला बघायचा,” हे त्याचं तत्त्व. त्याच्या झोळीत हॉटेलच्या भिंतीत आधीच गाडलेल्या पेट्यांसारखी एक रिकामी लोखंडी पेटी होती. परदेशी मापाचे पॉइंट चौकोनी पेटीसाठी असतात, आपल्याकडच्या पेट्या आडव्या. जो पॉइंट या पेटीत बसणार नाही तो कितीही गुणी असो, त्याच्यासाठी साठ खोल्यांच्या टाइल्स फोडाव्या लागतील. सहा आसनी रिक्षात ती पेटी एका मावशींच्या मांडीला टोचली. “काय रं, घर बांधतो का झोळीत?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पालघरला एका कार्यालयात गेलो. तिथले पॉइंट अंकुशनेच बसवलेले. कारकून आम्हाला पाहून उठलाच. “आलात का! बघा तुमचं यंत्र.” यंत्र दिसतच नव्हतं. त्याच्यासमोर लोखंडी कपाट उभं होतं.

“कपाट कोणी ठेवलं?”

“फायली वाढल्या. कपाट सरकवलं की नेट येतं. पन मग दार अर्धंच उघडतं, आनि आमचे साहेब हायेत जाड.”

हसून झाल्यावर अंकुशने सांगितलं की हा पॉइंट तोंड असेल तिकडेच बोलतो. समोर लोखंड आलं की मुका. म्हणून खाटेच्या मागे नको, कपाटाच्या जागी नको. आणि दुसरी गोष्ट, या ऑफिसात शेजारशेजारच्या खोल्यांतले दोन्ही पॉइंट पूर्ण जोरावर ठेवलेले, त्यामुळे एकमेकांवर ओरडतात आणि कुणाचंच नीट ऐकू येत नाही. आवाज कमी करता येईल असाच घ्यायचा. मला आमच्या सभा आठवल्या, दोन गटांचे दोन कर्णे. मी वहीत लिहून घेतलं: ‘हळू बोलणारा हवा.’

तिसऱ्या दिवशी शिरगाव. किल्ल्याच्या अलीकडे हिराबाईंचं चार खोल्यांचं घरगुती लॉज आहे. अंगणापलीकडे वलांड्या (बोंबील वाळवायच्या बांबूच्या उंच चौकटी), त्यांवर तोंडात तोंड अडकवलेले बोंबील. हिराबाईंनी आम्हाला आधी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण दिलं, मगच खोलीचं कुलूप काढलं. समुद्राकडच्या भिंतीतला पॉइंट अंकुशने उघडला. आतले तांब्याचे दात हिरवे पडले होते.

“खाऱ्या वाऱ्यानं खाल्लं,” हिराबाई म्हणाल्या. “माजी खिडकी खाल्ली, फ्रीज खाल्ला, ह्याला कशाला सोडतोय? दादल्याला बी त्यानंच खाल्ला.” त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

अंकुश म्हणाला, बोईसरला खारा वारा कमी, पण कारखान्यांची हवाही तांबं काळं करते. म्हणजे केबलच्या तोंडावर झाकण असलेला हवा, आणि बिघडला तर बदली नग बोईसरच्या बाजारात मिळणारा हवा.

आतल्या खोलीतल्या पॉइंटवर एक लाल टिकली चिकटवलेली होती. मला वाटलं पूजा केली असेल.

“पूजा कसली! त्याचा निळा दिवा लुकलुकतो. पाव्हन्यांना झोप येत नाय. मग मीच दिली टिकली लावून. आता नवरीसारका दिसतो.”

दिवा बंद करता येणारा हवा, मी लिहिलं. चार वर्षं भिंतीत काढलेल्या पॉइंटने कंपनीच्या कागदापेक्षा जास्त सांगितलं होतं. संध्याकाळी वलांड्यांच्या मागे समुद्र उतरत होता आणि आपण एक नेमकं, चांगलं काम करतोय असं वाटत होतं. त्या संध्याकाळी मी लक्ष्मणला फोन लावून पाहिला. लागला नाही. लागणार नव्हताच. त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि समुद्र बघत बसले.

चौथ्या दिवशी शेठनी माकुणसारला जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या वहिनींनी उकडहंडी केली होती (वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी मडक्यात बंद करून शिजवलेली). अंकुशने तीन नमुने मागवून ठेवले होते. ओटीवर त्याने ते एकेक करून आपल्या पेटीत बसवून पाहिले. पहिला बसला नाही. दुसरा बसला, पण झाकण नव्हतं. तिसरा बसला. दिवा बंद होत होता, आवाज कमी होत होता, खाली वायरींना जागा होती.

“ह्योच,” शेठ म्हणाले. “साठ खोल्या, आनि एक तुजा.”

“एक त्यांचा,” मी सुधारलं.

“बरं, त्यांचा. तू लय भांडतेस. वकील का नाय झालीस?”

दुपारी आम्ही बोईसरला पोचलो. हॉटेलच्या अंगणात मांडव उतरवत होते. दोन दिवसांचं लग्न होतं, आदल्या रात्री संपलेलं. मी हा नमुना लक्ष्मणला दाखवायचा म्हणून हातातच धरला होता. स्वयंपाकघराच्या मागे रामकेश भांडी घासत होता. तो लक्ष्मणच्या शेजारच्या खाटेवर झोपतो.

“लक्ष्मण गया, दीदी.”

“कुठे?”

त्याने हात धुतले. बसला. मग सांगितलं.

आम्ही पालघरला गेलो त्याच दिवशी संगीताचं पोट दुखू लागलं. दिवस भरले नव्हते. तिला जव्हारच्या दवाखान्यात नेलं, संध्याकाळी मुलगा झाला, फार लहान. जव्हारला रेंज आहे. संगीताच्या भावाने फोन केले, लागले नाहीत. काउंटरवर केला, लग्नाच्या गडबडीत कुणी उचलला नाही. मग त्याने बोलून निरोप पाठवले, एकामागून एक. इकडे लग्नाचं जेवण. दोन दिवस लक्ष्मण स्वयंपाकघरातून खोलीत आणि खोलीतून स्वयंपाकघरात. बाहेर पडलाच नाही. बाळ एक दिवस जगलं.

“आज सुबह कचरा फेंकने गेट के बाहर गया,” रामकेश म्हणाला. “सब एक साथ आया. टिंग, टिंग, टिंग. पहले वाले में साला बोल रहा था, लड़का हुआ है, जल्दी आ जा. वो हँसा, दीदी. मुझे आवाज दी, लड़का हुआ है. फिर आगे के सुने.”

मी विचारू नये ते विचारलं. “तो खोलीत होता तेव्हा पहिला निरोप...”

“हाँ. उस शाम खोली में ही था. दो घंटा सोया था.”

बोईसरहून जव्हार काही लांब नाही. ते दोन तास झोपायच्या आधी त्याने फोन पाहिला असता तर रात्रीपर्यंत तो पोचला असता. मुलगा जिवंत असताना.

अंकुश खाली खोलीत गेला. आता तिथे कुणी झोपलेलं नव्हतं. त्याने भिंतीवर हातोडीचा दांडा मारला, मग दुसऱ्या भिंतीवर, मग तिसऱ्या. मी दारात उभी होते.

“ही पाण्याची टाकी होती,” तो म्हणाला. “नंतर दार पाडून खोली केलीय. फूटभर सिमेंट-सळई. इथे पेटी गाडता येणारच नाही. पाइपही नाही केबलला.”

“म्हणजे?”

“म्हणजे भिंतीतला इथे कधीच बसला नसता. बघायला हवं होतं पहिल्याच दिवशी. माझी चूक.”

त्याची चूक होती, पण तेवढीच नव्हती. ज्या भिंतीला मी हात लावला नव्हता तिच्यासाठी मी समान हक्क मागितला होता आणि मिळत होतं ते परत पाठवलं होतं. ज्याला त्या भिंतीच्या आत झोपायचं होतं तो दोनदा म्हणाला होता, चालेल. मी त्याला भाषण दिलं.

शेठ आले. त्यांना बातमी आधीच कळली होती. त्यांनी मला काही ऐकवलं नाही, आणि मला ते ऐकवायला हवं होतं. त्यांनी स्टोअरची किल्ली काढून रामकेशला दिली. जुना डबा आला. अंकुशने काउंटरपासून केबल जिन्याखालून उघड्यावरच ओढली, दारावरच्या खिळ्याला डबा टांगला. पाऊण तासात काम झालं. रामकेशच्या फोनवर निरोप येऊ लागले. त्याने आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी परतीला मी जव्हारला उतरले. तिथून जीप, मग पायवाट. डोंगर उन्हाने तांबूस झाले होते. पाड्याच्या कडेला एका सागाखाली ताजी माती दिसली, वर काट्याची डहाळी, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. इतक्या लहानांना जाळत नाहीत.

संगीता ओट्यावर बसली होती. छातीवर घट्ट पदर बांधलेला. पाझरणारं दूध तसं बांधून थांबवतात, हे मला तिच्या आईने सांगितलं. लक्ष्मण कुडाच्या भिंतीला शेण लावत होता. मला पाहून त्याने हात धुतले, पाणी दिलं. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले.

“लक्ष्मण, तुम्ही म्हणाला होतात जुना चालेल. मी ऐकलं नाही.”

तो नाही म्हणाला नाही. ‘असू दे ताई’ असंही म्हणाला नाही. ते तो म्हणेल अशी माझी आतून अपेक्षा होती, हे मला तिथे कळलं आणि लाज वाटली.

मग त्याने विचारलं, “खाली आता लागतो का फोन?”

“लागतो.”

“कोनता बसवला?”

“जुनाच.”

त्याने मान हलवली. संगीता पहिल्यांदाच बोलली. “त्याचा आवाज तरी ऐकला असता ह्यांनी. रडत व्हता थोडा थोडा. भावानं फोन धरला व्हता त्याच्याजवळ. तो निरोप हाय अजून यांच्या फोनात.”

“मी नाय ऐकला तो,” लक्ष्मण म्हणाला. “रामकेशच्या गावाला आई आजारी हाय. त्याचे निरोप येतात ना?”

“येतात.”

“मंग बरं.” तो उठला. “ताई, पाचची गाडी चुकंल. चला, रस्त्यापर्यंत येतो.”

गाडी येईस्तोवर तो उभा राहिला.

नाशिकला आल्यावर बैठकीत मी सगळं सांगितलं. भिंतीतला पॉइंट कसा निवडावा ते सविस्तर लिहून काढलंय, हॉटेल किंवा ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही देईन. माप, झाकण, दिवा, आवाज, समोर कपाट नको, सगळं त्यात आहे. सगळ्यात वर मात्र लिहिलंय: ‘ज्या खोलीत लावायचा तिच्या भिंतीला आधी हात लावा, आणि तिथे राहणाऱ्याला विचारा. आज जे मिळतंय ते आज लावा. भांडण उद्याही करता येतं.’

एकजण म्हणाला, यात घोषणेचा जोर नाही.

नाही. मी ते तसंच छापायला दिलं.